प्राणवायूची रोजकीर्द

पश्चिम किनाऱ्यावरील मनुष्य समुद्राची परीक्षा त्याच्या पृष्ठभागावरून करीत आला आहे, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणवत नाही. कारण वारा, लाटा, भरती-ओहोटी आणि पाण्याचा रंग एवढ्यांवरून होडी लोटावी की न लोटावी याचा निर्णय करण्याची विद्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून ती बहुतेक प्रसंगी खरी ठरते. श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला, पावसाळ्यातील मासेमारीबंदीची मुदत सरली आणि वाऱ्याचा जोर ओसरला, म्हणजे दर्या शांत झाला असे समजून नौका बाहेर पडतात, व पृष्ठभागापुरते ते अगदी यथार्थही असते. परंतु नेमक्या याच सुमारास, म्हणजे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, त्या शांत पाण्याच्या खाली दहा-पंधरा मीटरांवर दुसरेच पाणी पसरलेले असते; ते थंड असते, खारे असते, आणि त्यातील प्राणवायू इतका घटलेला असतो की काही वर्षी तळाशी तो शून्यावर येऊन ठेपतो. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या समुद्राखाली दडलेल्या या दुसऱ्या समुद्राचा शोध कसा लागला, त्याची मोजणी कोणी केली, आणि बदलत्या हवामानाने त्याच्या वहिवाटीत काही फरक पडतो आहे काय, ही कथा ज्यांच्या नावाशी विशेषेकरून निगडित आहे ते रसायनशास्त्रज्ञ म्हणजे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले सय्यद वजीह अहमद नक्वी.

नक्वींच्या आधी या विषयाचे दफ्तर कोरे होते असे मात्र नव्हे. १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून, सेमूर सीवेल यांच्या नेतृत्वाखाली, जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात हिंडली, तेव्हा ओमानच्या बाजूला काहीशे मीटर खोलीवरच्या चिखलात सजीवसृष्टीचा जवळजवळ मागमूस नाही असे तिला आढळले. पुढे १९५९ साली कॅरदर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू यांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले की मुंबईपुढील समुद्रात प्राणवायूची वाण असलेला खोलवरचा थर उतारावरून वर चढत किनाऱ्याकडे सरकतो आणि त्याचा उपसर्ग मत्स्यव्यवसायाला पोहोचतो. त्याच वर्षी कार्ल बान्झे यांनी कोचीनपुढील पाण्याचा अभ्यास करून, तळाशी असे पाणी आले म्हणजे तळजाळ्यांना मिळणारी मासळी का नाहीशी होते याची उपपत्ती मांडली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिच्या पूर्ततेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि दोना पावला येथे तिचे मुख्य ठाणे पडले. 'गवेषणी' आणि पुढे 'सागरकन्या' ही जहाजे मिळाल्यावर, इतर देशांच्या मोहिमांतून तुटक तुटक हाती येणारी माहिती आपल्या माणसांना आपल्या वेळापत्रकाने, ऋतूमागून ऋतू गोळा करता येऊ लागली. आणि समुद्रविज्ञानात ऋतूमागून ऋतू यालाच सारे मोल आहे.

मुळात अरबी समुद्रालाच प्राणवायूची तूट का, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. जगातील बहुतेक महासागर उत्तरेस ध्रुवप्रदेशापर्यंत मोकळे आहेत. तेथील अतिथंड पाणी हवेतील प्राणवायू शोषून जड होते, तळाशी बुडते आणि दूरवर पसरते. अरबी समुद्राची उत्तर सरहद्द मात्र आशिया खंडाने बंद केलेली आहे. त्याच्या मध्यम खोलीवर येणारे पाणी दक्षिणेकडून दीर्घ प्रवास करून येते, आणि वाटेत त्यातील प्राणवायू बराचसा खर्च झालेला असतो. दुसरीकडे, मोसमी वाऱ्यांच्या कृपेने या समुद्राच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींची अमाप वाढ होते. त्या व त्यांच्यावर जगणारे प्राणी मेल्यानंतर त्यांचे अवशेष खाली बुडतात, जीवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्या विघटनाला प्राणवायूच लागतो. आवक अल्प आणि खर्च अपार, अशा या व्यवहारात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंतचा एक प्रचंड थर जवळजवळ प्राणवायुहीन होऊन बसला आहे. खुल्या महासागरातील अशा तीव्र तुटीचे प्रदेश जगात मुख्यत्वे तीनच: दोन पूर्व प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस, आणि तिसरा हा आपल्या दारचा.

हा थर खोल समुद्रात राहतो तोवर किनाऱ्याला त्याची झळ नाही. पण नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणवाहिनी होतो, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेल्या उथळ समुद्रबूड जमिनीवर, चढून येते. पेरूच्या किंवा सोमालियाच्या किनाऱ्याशीही तळचे पाणी असेच वर येते. तथापि तेथे ते थेट पृष्ठभागाला येऊन हवेशी भेटते व त्याला पुन्हा प्राणवायू मिळतो. कोकण-गोव्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी होते ती सह्याद्रीमुळे. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस मांडवी-जुवारीसारख्या असंख्य नद्यांनी व प्रत्यक्ष आकाशातून समुद्रात येतो. हे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यात चटकन मिसळत नाही, आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा पाच-दहा मीटर जाडीचा थर धरून वर पसरून राहते. खालून चढून आलेले पाणी या थराखाली अडकते. वरून हवा मिळत नाही, आणि खाली सेंद्रिय अवशेषांचे कुजणे अखंड चालू असते. त्यामुळे आधीच दरिद्री होऊन आलेले पाणी भूखंडमंचावर आल्यावर उरलेसुरले द्रव्यही गमावून बसते. पर्जन्यमान, नद्यांचे पाणी आणि समुद्राच्या पोटातील हालचाल यांचा असा एकत्र मेळ जगात क्वचितच कोठे घडत असेल.

प्राणवायू संपला म्हणजे जीवन थांबते असे आपण समजतो. जीवाणूंना हा नियम लागू नाही. प्राणवायू मिळेनासा झाला की ते पाण्यातील नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात, आणि त्या क्रियेत नायट्रेटचे रूपांतर होत होत अखेर नत्रवायू तयार होतो. वाटेत नायट्रस ऑक्साइड नावाचा वायूही निपजतो. नायट्रेटही संपले, की पाळी येते सल्फेटची, आणि मग पाण्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळू लागतो. कुजक्या अंड्यासारख्या दुर्गंधीचा हा वायू बहुतेक जलचरांना विषवत् असतो. म्हणजे एकाच जागच्या पाण्यात जून ते ऑक्टोबर या चार-पाच महिन्यांत तीन भिन्न राजवटी येऊन जातात. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात प्रवाह उलटला, वरचे-खालचे पाणी मिसळले, की तेच पाणी असे निर्दोष होते की मागील मोसमाची खूणही राहू नये. वर्षातून एकदा किंवा दोनदा जहाज नेऊन नमुने घेणाऱ्याला हे सारे नाटक दिसण्याचा संभव नाही, हे उघड आहे.

म्हणूनच १९९७ साली आरंभिलेल्या एका साध्या दिसणाऱ्या उपक्रमाला या कथेत मध्यवर्ती स्थान आहे. गोव्यातील कांदोळी गावापुढे, जेथे समुद्राची खोली पंचवीस-तीस मीटरांहून अधिक नाही अशा एका ठरलेल्या ठिकाणी वारंवार जावे, पृष्ठभागापासून तळापर्यंत निरनिराळ्या खोलींवरचे पाणी घ्यावे, आणि त्याची उष्णता, क्षारता, प्राणवायू, नायट्रेट व इतर द्रव्ये मोजून नोंद करावी, असा हा शिरस्ता. प्राणवायू मोजण्याची पद्धत हंगेरीच्या लायोश विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली घालून दिलेली, आणि आजतागायत विद्युत्-उपकरणांची रुजवात तिच्यावरच घेतली जाते. नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडाही राहू न देता मँगनीजचा क्षार आणि आयोडाइडमिश्रित अल्कली सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, आणि तो जितका गडद तितका प्राणवायू अधिक. नंतर आम्ल घालून मोकळे झालेले आयोडीन थायोसल्फेटच्या द्रावणाने मोजायचे. सप्टेंबरातील तळाच्या नमुन्यात हा साका तपकिरी न होता पांढराच राहिला, म्हणजे त्या पाण्यात प्राणवायू उरलेला नाही; गणिताआधीच डोळ्यांना मिळालेला तो दाखला असतो.

या निरीक्षणांच्या आणि जहाजावरून केलेल्या विस्तृत पाहणीच्या आधारे नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये 'नेचर'मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने हा विषय जगापुढे आणला. भारताच्या पश्चिम भूखंडमंचावर दर पावसाळ्यानंतर तयार होणाऱ्या या प्राणवायुन्यून प्रदेशाचा विस्तार त्यांनी सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर सांगितला. महाराष्ट्राचे सारे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे हे ध्यानात घेतले, तर अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र व्यापेल एवढे हे पाणी झाले. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखापुढे मेक्सिकोच्या आखातात होणाऱ्या अशाच प्रदेशाची ख्याती फार मोठी, परंतु त्याचा २०१७ सालचा उच्चांकी विस्तारही २३,००० चौरस किलोमीटरांच्या आतच होता. दुसरी गोष्ट नायट्रस ऑक्साइडची. समुद्राच्या पाण्यात तोवर आढळलेल्या प्रमाणांत अत्युच्च गणावे असे त्याचे प्रमाण या उथळ पाण्यात मिळाले. आणि शंभर वर्षांच्या मुदतीत हा वायू, वजनास वजन धरून, कार्बन डाय-ऑक्साइडच्या २७० पटींहून अधिक उष्णता कोंडतो हे लक्षात घेता, हवामान किनाऱ्याला बदलते एवढेच नसून किनाराही आपल्या परीने हवामानात भर घालतो, हे त्यातून स्पष्ट झाले. नक्वींना १९९६ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेला होताच. पुढे ते संस्थेचे संचालकही झाले.

त्याच निबंधात एक आरोपवजा अनुमान होते, आणि त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. १९७० च्या दशकातील मत्स्यपाहणीच्या आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहता तूट तीव्र झाल्यासारखी दिसते, आणि शेतांतील खते व शहरांचे सांडपाणी यांतून समुद्रात जाणारा नत्र त्याला कारण असू शकेल, असे नक्वींचे म्हणणे होते. ते अप्रस्तुत मुळीच नव्हते, कारण मेक्सिकोच्या आखातात नेमके हेच घडले आहे. तथापि कोचीच्या सागरी सजीव संपदेचा अभ्यास करणाऱ्या केंद्रातील जी. व्ही. एम. गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली जो निष्कर्ष मांडला तो बरोबर याच्या उलट आहे: हा जगातील सर्वांत मोठा किनारी प्राणवायुन्यून प्रदेश मानवी करणीने घडलेला नसून, खोल समुद्रातून वर येणाऱ्या पाण्याचाच तो स्वाभाविक परिणाम आहे. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत, दोघांच्याही हाती मोजमापे आहेत. अडचण आहे ती जुन्या नोंदी विरळ असण्याची. एखाद्या वर्षी प्राणवायू कमी भरला एवढ्यावरून समुद्र बिघडला असे म्हणता येत नाही, आणि पूर्वीही तो कमीच असे एवढ्यावरून काही बदललेले नाही असेही म्हणता येत नाही. समुद्राचा मूळ स्वभाव कोणता आणि त्यात माणसाने घातलेली भर किती, याची फोड करायची तर एकाच ठिकाणची, एकाच पद्धतीची, न तुटलेली नोंद दशकानुदशके हाती असावी लागते.

हवामानबदलाने ही फोड आणखी बिकट केली आहे. पाणी तापले की त्याची वायू धारण करण्याची शक्ती घटते, हा साधा नियम. दहा अंश सेल्सिअसचे समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकते, अठ्ठावीस अंशांचे सुमारे साडेसहाच. शिवाय वरचे पाणी तापून हलके झाले म्हणजे ते खालच्या पाण्यात मिसळत नाही, व खाली प्राणवायू पोहोचण्याचे मार्ग आकुंचित होतात. १९६० ते २०१० या अर्धशतकात जगातील महासागरांनी आपल्या प्राणवायूपैकी दोन टक्क्यांहून अधिक भाग गमावला असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढल्याचे दाखविले असून, ही वाढ उष्ण कटिबंधातील इतर समुद्रांच्या मानाने फार मोठी आहे.

तरीही या सर्वांवरून कांदोळीच्या पाण्याचे भविष्य सरळ रेषेत मांडावे, तर समुद्र त्यालाही मान तुकवीत नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग कधी अधिक तापतो व सुमात्राकडचा पूर्व भाग थंड पडतो, कधी याच्या उलट घडते. या दोलनाच्या पहिल्या अवस्थेला शास्त्रज्ञ धन अवस्था म्हणतात. कांदोळीची नोंद आणि संगणकीय प्रतिमाने यांची सांगड घालून, नक्वीही ज्यांत होते अशा एका गटाने २०१७ साली असे दाखविले की धन अवस्थेच्या वर्षी पश्चिम किनाऱ्यालगतचा प्राणवायुन्यून थर खोलच राहतो आणि भूखंडमंचावर पूर्ण प्राणवायुहीनता येत नाही. तापणाऱ्या जगात तीव्र धन अवस्था अधिक वेळा येतील असे काही प्रतिमाने सुचवितात. म्हणजे एका हाताने जे हवामान प्राणवायू काढून घेते तेच दुसऱ्या हाताने, निदान काही वर्षी, या किनाऱ्याचे रक्षणही करील. आणि यांतील कोणता हात वरचढ ठरेल हे मोजल्यावाचून सांगता येणार नाही.

उत्तर अरबी समुद्रात याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. मूळचे गोव्याचे आणि पूर्वी दोना पावलाच्याच संस्थेत काम केलेले जोआकिम गोएश व हेल्गा गोम्स हे शास्त्रज्ञ आता अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेत आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिवाळ्यात तेथे डायटम या सिलिकायुक्त सूक्ष्म वनस्पतींचे राज्य असे. त्यांच्या जागी आता नॉक्टिलुका हा हिरवा, पोटात दुसरी वनस्पती बाळगणारा जीव समुद्र व्यापू लागला आहे, असे त्यांचे निरीक्षण. या बदलाचा संबंध त्यांनी २०१४ साली प्राणवायूच्या तुटीशी आणि २०२० साली हिमालय-तिबेटवरील घटत्या बर्फामुळे मंदावलेल्या हिवाळी मिश्रणाशी जोडला. ही कारणमीमांसा सर्व भारतीय शास्त्रज्ञांना मान्य झालेली नाही. मात्र डायटमांवर पोसणाऱ्या लहान जीवांना नॉक्टिलुकाचा फारसा उपयोग नाही, जेलीफिशसारख्यांना तो आहे, आणि त्यामुळे अन्नसाखळीचा ओघच माशांपासून दूर वळू शकतो, ही भीती गंभीर आहे.

माशांच्या बाजूने पाहिले तर प्राणवायूची तूट म्हणजे सरसकट मृत्यू असे नसते. तूट आली की जो पोहू शकतो तो मुलूख सोडतो. तळाशी राहणारे मासे व कोळंबी उथळ पाण्याकडे किंवा वरच्या थरात सरकतात, आणि जे सरकू शकत नाहीत ते तळाचे शिंपले व कृमी सापडतात. अशा वेळी किनाऱ्याजवळ अचानक मुबलक मासळी मिळाली, तर ती समृद्धीची खूण असेलच असे नाही. कधीकधी ती खालून हाकलली गेलेली मासळी असते, आणि एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेला असा साठा यांत्रिक जाळ्यांना सहज बळी पडतो. तारलीची कैफियत निराळी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील ई. विवेकानंदन व सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे, पूर्वी जवळजवळ सर्वस्वी केरळ-कर्नाटकाची, म्हणजे चौदाव्या अक्षांशाच्या दक्षिणेची समजली जाणारी तारली १९८५ नंतर उत्तरेकडे, गोवा आणि महाराष्ट्राच्या पाण्यात, अधिकाधिक मिळू लागली. मालवणच्या रापणकाराला एखाद्या वर्षी हा लाभ वाटेल. पण जे पाणी तारलीला मानवू लागले ते इतर कोणाला मानवेनासे झाले, याचा हिशेब अद्याप कोणी पुरता मांडलेला नाही.

या सर्व खटाटोपातून सामान्य वाचकाने घ्यावे असे काय, असा प्रश्न कोणी केला, तर भाकितांपेक्षा पद्धतीकडे बोट दाखवावेसे वाटते. मुंबई इलाख्यात रयतवारी जमाबंदी सुरू झाली तेव्हा जमिनीची मोजणी करून, तिची प्रत ठरवून सारा आकारला जाई, आणि तीस वर्षांची मुदत संपताच फेरपाहणी केली जाई. शेताचा बांध कोठे सरकला, पड जमीन कोणती लागवडीस आली, हे त्या दफ्तरांवरून आजही काढता येते. समुद्राला असा सारा नव्हता, म्हणून त्याची पैमाशही झाली नाही. गोव्यापुढील एका ठिकाणी ती १९९७ मध्ये सुरू झाली, आणि त्या एका नोंदीने जगाला वायूंचा ताळेबंद सुधारायला लावले आणि हवामानाच्या दोलनाचा किनाऱ्याशी असलेला छुपा संबंध उघड केला. महाराष्ट्राचा किनारा शेकडो किलोमीटरांचा आहे. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, सातपाटी अशा बंदरांपुढे अशी ठरलेली ठाणी नेमावीत, नमुने आणण्याच्या कामी समुद्र ओळखणाऱ्या नाखवा-तांडेलांना वेतन देऊन सामील करून घ्यावे, आणि मासळीच्या लिलावाची नोंद तारखेनिशी प्राणवायूच्या नोंदीशेजारी ठेवावी, तर त्याला लागणारा पैसा बंदरांच्या एखाद्या धक्क्याच्या खर्चाहूनही थोडाच असेल. मासेमारीबंदीची मुदत केव्हा संपवावी, तळजाळ्यांना कोणत्या महिन्यात मज्जाव करावा, कोणत्या नदीच्या सांडपाण्यावर आधी खर्च करावा, हे निर्णय आज पृष्ठभागाकडे पाहून आणि आंदोलनांचा जोर मोजून होतात. पण अशा नोंदीतून लाभ मिळायचा तर ती न तुटता पंचवीस-तीस वर्षे चालावी लागते, आणि एवढी मुदत कोणत्याही मंत्रिमंडळाची, अनुदानाची किंवा एका शास्त्रज्ञाच्या सेवेची नसते. म्हणून ती सुरू करण्यापेक्षा ती बंद पडू न देण्याची तजवीज आधी करणे, हेच या कामातले खरे अवघड आणि खरे सरकारी कर्तव्य आहे.